नव्या एसयूव्हीच्या सहा तक्रारी: भांडण्याआधी त्या वेगळ्या करा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पुण्यात बावधनला राहणाऱ्या एका वाचकांनी सात महिन्यांपूर्वी सात आसनी, डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली. ऑन-रोड साधारण २८ लाख, त्यातलं बरंचसं कर्ज. रोजचा प्रवास बाणेरच्या ऑफिसपर्यंत, एका वेळचे सात-आठ किलोमीटर. गाडी आतापर्यंत ४,१०० किलोमीटर चालली आहे. तेवढ्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा दोनदा लागला. दोनदा सकाळी गाडी सुरूच झाली नाही. मधला स्क्रीन चालता चालता काळा पडतो आणि पुन्हा सुरू होतो. अडासच्या, म्हणजे चालकाला सावध करणाऱ्या यंत्रणेच्या, सूचना कारण नसताना येतात. स्पीडब्रेकरवर पुढून ‘टक’ असा आवाज येतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पुढच्या डाव्या बाजूचं कार्पेट ओलं सापडलं. डॅशकॅम आणि अँबियंट लाइट बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीवाल्याकडून बसवल्याचंही पत्रात ओझरतं आलंय. सर्व्हिस सेंटरला पाच फेऱ्या झाल्या. दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय’ किंवा ‘सर, या गाडीत हे नॉर्मल आहे’ एवढंच उत्तर. पत्नी रात्री ही गाडी घेऊन बाहेर पडायला तयार नाही. वडील म्हणतात, जुनी सेडानच बरी होती. वाचकांचा प्रश्न असा: गाडीत मुळातच दोष आहे हे उघड दिसतंय. मग ग्राहक आयोगात जाऊन ती बदलून घ्यावी, की तोटा सोसून विकून टाकावी?

उत्तर

तुमचा वैताग रास्त आहे. २८ लाख घालून घेतलेल्या गाडीत घरातलं माणूस रात्री बसायला घाबरत असेल, तर ‘नॉर्मल आहे’ हे उत्तर कुणीही ऐकून घेऊ नये. पण तुम्ही विचारलेल्या दोन्ही वाटा एकाच समजुतीतून निघाल्यात: सहा तक्रारी आहेत, म्हणजे ही एकच बिघडलेली गाडी आहे. मला पत्रात तीन वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी दिसतात. डीपीएफची तक्रार बहुतेक तुमच्या रोजच्या प्रवासातून आली आहे. सकाळी गाडी सुरू न होणं, स्क्रीन आणि अडास या तिघांचं मूळ एकच, म्हणजे बॅटरी, असण्याची दाट शक्यता आहे. उरतात पाणी आणि ‘टक’ आवाज. माझ्या मते गाडीचे खरे दोष हे दोन असू शकतात, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की पाच फेऱ्यांत त्यांचाच पाठपुरावा सगळ्यात कमी झालाय.

डीपीएफपासून सुरुवात करतो, कारण पुण्यात डिझेल एसयूव्ही घेणाऱ्या प्रत्येकाला हा भाग उपयोगी पडेल. बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर, इंजिनाजवळ, हा फिल्टर असतो. धुरातली काजळी तो अडवतो आणि साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकतो. त्यासाठी आतलं तापमान ५५० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत चढावं लागतं. ते चढवायला इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, आणि काम पुरं व्हायला १५ ते २५ मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात गाडी चालावी लागते. तुमचं इंजिन ऑयल नीट गरम होतंय तोवर बाणेर येतं आणि तुम्ही चावी बंद करता. काजळी तशीच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार.

याचा दुसरा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. जाळण्याचं काम अर्धवट राहिलं की ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून उतरून इंजिन ऑयलमध्ये मिसळतं. ऑयल पातळ होतं आणि त्याची पातळी चढते. म्हणून महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, तर सर्व्हिसची तारीख यायची वाट न बघता ऑयल बदलायला सांगा. ऑयल माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. डीपीएफच्या गाड्यांना कमी राख सोडणारं ऑयल लागतं, कारण काजळी जळते, राख जळत नाही; ती फिल्टरमध्ये कायमची साचते.

फिल्टर काजळी जाळतोय हे ओळखता येतं. सिग्नलला उभं असताना आरपीएम नेहमीच्या ७५०-८०० ऐवजी हजाराच्या आसपास दिसतो, पुढचा पंखा जोरात फिरतो, त्या वेळचं अ‍ॅव्हरेज पडतं, बाहेर उतरलं की तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी पार्किंगमध्ये पोचला असलात तरी इंजिन बंद करू नका. आणखी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा. आणि आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी लवकर, चांदणी चौकातून बायपासला लागून नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा पार करून खेड शिवापूरपर्यंत जाऊन या. बोगद्यापर्यंतचा चढ इथे कामाला येतो, इंजिनावर भार पडला की फिल्टर लवकर तापतो. गिअर मॅन्युअलवर घेऊन एक गिअर खाली ठेवा, म्हणजे आरपीएम २,००० ते २,५०० च्या मध्ये राहील. परतताना बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरतानाही खालचा गिअरच ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. त्या उतारावर किती अपघात होतात हे पुणेकरांना सांगायला नको.

दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडीची ताकद एकदम कमी झाली, तर मात्र असा फेरफटका मारू नका. तेव्हा वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून काजळी जाळावी लागते. त्या वेळी आधी किती काजळी होती आणि नंतर किती उरली, हा आकडा जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, लिहून घ्या. स्कॅनरवर तो दिसतो. महिनाभर नियमित महामार्गावर चालवूनही दर दीड-दोनशे किलोमीटरला गाडी पुन्हा काजळी जाळायला लागत असेल, तर तुमच्या वापराला दोष देऊन मोकळं होता येणार नाही. इंजेक्टर गळतोय का, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकतोय का, डीपीएफच्या दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी तडकलीय का, हे तपासायला सांगा. फिल्टर कापून टाकण्याचा सल्ला देणारेही भेटतील. तो बेकायदा आहे आणि वॉरंटी त्याच दिवशी संपते.

मोठी गाडी म्हणजे डिझेलच, हे समीकरण आपल्याकडे पक्कं बसलंय. ज्यांचा रोजचा प्रवास दहा किलोमीटरच्या आत आहे आणि महिन्यातून एकदाही महामार्ग नाही, त्यांनी बुकिंगच्या आधीच पेट्रोल किंवा हायब्रिडचा विचार करावा. तुमच्यासाठी हे आता उशिराचं आहे, पण रविवारचा फेरफटका जमत असेल तर एवढ्या कारणासाठी गाडी सोडायची गरज नाही.

आता बॅटरी. आजच्या मोठ्या एसयूव्हीमध्ये डझनावारी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतात आणि व्होल्टेज जरा खाली गेला की प्रत्येक जण आपापली तक्रार पडद्यावर टाकतो. अडास बंद, टायर प्रेशर सेन्सर बंद, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) तपासा, स्क्रीन रीस्टार्ट. मालकाला वाटतं सगळी गाडीच कोसळतेय. तुमच्याकडे सकाळी दोनदा गाडी सुरू झाली नाही, हा या सगळ्यातला सगळ्यात बोलका पुरावा आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-सुरू करणारं स्टार्ट-स्टॉप काम करेनासं झालं असेल तर तीही याचीच आधीची खूण.

डॅशकॅमकडे मी बोट दाखवतोय, कारण पार्किंग मोडवर असलेला डॅशकॅम सहज २०० ते ३०० मिलिअँपिअर ओढतो. २५० धरा: तीन दिवस गाडी उभी राहिली की १८ अँपिअर-अवर गेले. बॅटरी ७०-८० अँपिअर-अवरची, म्हणजे जवळजवळ पाव बॅटरी. रोजच्या सात-आठ किलोमीटरमध्ये ती भरून निघत नाही. याउलट धडधाकट गाडी कुलूप लावून अर्ध्या-पाऊण तासाने झोपी गेली की ५० मिलिअँपिअरच्या आत ओढते, दिवसाला फार तर १.२ अँपिअर-अवर. अशी गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तरी एका हाकेत सुरू व्हायला हवी.

म्हणून एक साधी तपासणी घरीच करा. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. डॅशकॅम आणि अँबियंट लाइटचं कनेक्शन पूर्ण काढा. ओबीडी सॉकेटला (स्कॅनर जोडतात ते) एखादा ट्रॅकर लावला असेल तर तोही. मग दोन आठवडे रोज सकाळी, चावी न फिरवता, बोनेट उघडून दोन-तीन मिनिटं थांबून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे उत्तम. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवं. काही गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्ज करतो, त्यामुळे मधेच आकडा कमी दिसला तर लगेच घाबरू नका. सकाळचे आकडे तारखेसह लिहून ठेवा.

अ‍ॅक्सेसरी काढल्यावर तक्रारी थांबल्या, तर उत्तर मिळालं. डॅशकॅम पुन्हा लावताना चावी बंद झाल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवरून, ओरिजिनल वायर न कापता लावून घ्या. तक्रारी थांबल्या नाहीत, तर ते आकडे घेऊन वर्कशॉपमध्ये जा आणि दोन गोष्टी मागा: बॅटरीची लोड टेस्ट, प्रिंटसह, आणि गाडी झोपल्यावर किती करंट ओढते याची मोजणी. ही मोजणी गाडी लॉक करून पाऊण तास थांबल्याशिवाय होत नाही. पाच मिनिटांत ‘चेक केलं, ओके आहे’ म्हणाले, तर ती झालेली नाही. करंट जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत कुठला सर्किट जागा राहतोय ते सापडतं. बऱ्याचदा कारण किरकोळ निघतं: सैल टर्मिनल, अर्थिंगचा गंजलेला बोल्ट, झोपायला तयार नसलेलं कनेक्टेड फीचर्सचं मॉड्यूल. वर्कशॉपला अ‍ॅक्सेसरीबद्दल खरं सांगा. वायर कापलेली त्यांना दिसतेच, आणि लपवल्याचं लक्षात आलं तर पुढच्या खऱ्या तक्रारींवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

बॅटरी ठणठणीत असूनही स्क्रीन काळा पडतच राहिला, तर तो युनिटचा दोष धरा. फोन वायरने जोडला होता की वायरलेस, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, हे लिहा आणि व्हिडिओ काढा. रिव्हर्स घेताना कॅमेरा येत नसेल तर तो व्हिडिओ आधी. अडासचं म्हणाल तर मुसळधार पावसात किंवा काचेवर चिखल असताना ‘तात्पुरतं उपलब्ध नाही’ येणं चालतं. कोरड्या दिवशी, स्वच्छ काच असताना ते येऊ नये. पुढच्या जाळीसमोर किंवा बंपरवर काही बसवलं असेल तर रडारसमोरून ते आधी काढा.

आता पाणी, आणि इथे मात्र अजिबात थांबू नका. मोठ्या सनरूफच्या चौकटीत पाणी येणं हे गृहीत धरलेलं असतं. ते वाहून नेण्यासाठी चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात. पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. पुण्यात गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्षाखाली गाडी उभी राहिली की बारीक पानं आणि फुलांचा चुरा चौकटीत जमतो, पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो आणि नळी बुजते. मग पाणी खांबाच्या आतून पायांशी उतरतं. नळी कारखान्यातच नीट बसवलेली नसेल तरी हेच होतं, आणि नव्या गाडीत ती शक्यता आधी धरायला हवी.

ओलं कुठून आलं, हे पाण्यावरूनच कळतं. पाऊस नसताना, एसी बराच वेळ चालवल्यावर ओलं होत असेल आणि पाणी बिनवासाचं असेल, तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलीय. चिकट, गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय. फक्त पावसानंतरच ओलं होत असेल तर सनरूफ किंवा वायपरखालची जाळी. सनरूफची खात्री करायला ते उघडा, पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या खाचेत कपभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला खाली, पुढच्या चाकाच्या मागे बघायला सांगा. पाणी अर्ध्या मिनिटात तिथून ठिबकायला हवं. कोपऱ्यातच साचून राहिलं तर नळी बंद. कोपऱ्यातून गेलं पण बाहेर आलं नाही, तर नळी आत कुठेतरी निसटलीय. ही दुसरी शक्यता जास्त वाईट. हवेच्या जोरदार झोताने नळी साफ करू देऊ नका, त्या झोतानेच ती जोडातून सुटते.

कार्पेट वरून पुसून, व्हॅक्यूम मारून गाडी परत देतील. ते पुरेसं नाही. कार्पेटखाली जाड फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो. सीट काढून, कार्पेट उचलून फोम वाळवायला हवा. नाहीतर पंधरा दिवसांत कुबट वास येतो आणि त्याहून गंभीर म्हणजे खालून जाणाऱ्या वायरिंगचे कपलर हिरवे पडायला लागतात. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर असतात, ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे. त्यांना स्वतः हात लावू नका, पण वर्कशॉपला ते उघडून तपासायला सांगा आणि फोटो मागा. वॉरंटीत हे विनामूल्य व्हायला हवं, आणि पाऊस संपायच्या आत व्हायला हवं. ऑक्टोबरमध्ये तुम्ही हीच तक्रार घेऊन गेलात तर ती सिद्धच करता येणार नाही.

स्पीडब्रेकरवरच्या ‘टक’साठी वर्कशॉपला नुसतं ‘आवाज येतो’ सांगू नका. सोसायटीच्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवरून आधी दोन्ही चाकं एकदम, सरळ न्या. मग एकच बाजू चढेल असं तिरकं न्या. दोन्ही चाकं एकदम चढताना आवाज नाही आणि तिरकं नेताना आहे, तर दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारची लिंक रॉड किंवा तिचा बुश बघायला हवा, कारण दोन चाकं वेगवेगळी हलली तरच तो बार पिळतो. दोन्ही वेळा आवाज असेल तर शॉकरच्या वरचा माउंट, लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना ‘टंग’ असा आवाज आला तर माउंटचं बेअरिंग. एवढं सांगितलंत की फोरमनचं अर्धं काम झालं. दोन टनांच्या गाडीला आपल्या रस्त्यांवर लिंक रॉड लवकर जाणं नवलाचं नाही. चार हजार किलोमीटरवर गेली तर ती वॉरंटीत बदलून मिळायला हवी.

तुमच्या पत्नीबद्दल. त्यांची भीती अनाठायी नाही, पण पडद्यावरची प्रत्येक सूचना सारखी नसते हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. लाल दिवा, म्हणजे ऑयल, तापमान, ब्रेक, चार्जिंग: बाजूला घ्या, थांबा, रस्त्यावरच्या मदतीचा नंबर लावा. डिझेलचा वास, स्टिअरिंग जड होणं, ब्रेकचं पेडल खोल जाणं: दिवा नसला तरी तेच. पिवळा स्थिर दिवा: घरी पोचा, दुसऱ्या दिवशी दाखवा. पिवळा लुकलुकता दिवा किंवा ताकद गेली: जवळच्या सुरक्षित जागी थांबा. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर गाडी चालते, पण धडकेत एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. दुसऱ्याच दिवशी दाखवा. बॅटरी आणि पाण्याचा प्रश्न सुटेपर्यंत त्यांनी रात्री दुसरी गाडी किंवा कॅब घेतली तर त्यात काहीच चुकीचं नाही.

आता पाच फेऱ्यांचा विषय. तुमच्याकडे त्या पाच जॉबकार्डांच्या प्रती आहेत का, आणि त्यांवर काय लिहिलंय? ‘जनरल चेकअप’ किंवा ‘सॉफ्टवेअर अपडेट’ लिहिलं असेल, तर कागदावर तुमची तक्रार कधी झालीच नाही. यापुढे एका फेरीत दोन-तीनच तक्रारी द्या, प्रत्येकीची वेगळी ओळ लिहायला सांगा, आणि ती तुमच्या शब्दांत: ‘डावी बाजू स्पीडब्रेकरवर चढताना, २० च्या वेगाला, पुढून टक आवाज, दर वेळी येतो.’ सही करण्याआधी वाचा. गाडी घेताना त्या ओळीसमोर काय केलं हे लिहून घ्या. काही सापडलं नाही असं म्हणत असतील तर तसंच लिहून घ्या. शून्य रुपयांचं बिलही मागून घ्या. आवाजाच्या तक्रारीला अ‍ॅडव्हायझर नको, फोरमन किंवा टेक्निशियनला शेजारी बसवून त्याच स्पीडब्रेकरवर न्या. इलेक्ट्रिकल तक्रार घेऊन जाताना बॅटरीची वायर काढून पुन्हा लावू नका, त्याने साठवलेले फॉल्ट कोड पुसले जाऊ शकतात.

पुण्याचं एक खास आहे: चाकण, पिंपरी, रांजणगाव पट्ट्यात प्रत्येकाचा कुणीतरी भाचा किंवा मित्र गाडीच्या कंपनीत असतो. त्याच्या फोनने अपॉइंटमेंट लवकर मिळते, कधी नेमका पार्टही मागवला जातो. घ्या ती मदत. पण फोनवर झालेलं काम जॉबकार्डवर येत नाही, आणि दोन वर्षांनी तुमच्या हातात काहीच उरत नाही. त्या मदतीच्या जोडीला कागद हवाच.

वर्कशॉपमध्ये एकच तक्रार दोनदा परत आली की वर्क्स मॅनेजरला ईमेल करा आणि कंपनीच्या कस्टमर केअरकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. मागणी नेमकी ठेवा: कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरसमोर, तुम्ही हजर असताना, संयुक्त तपासणी. त्याच वेळी चेसिस नंबर देऊन विचारा की या गाडीवर एखादी रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती) किंवा सर्व्हिस कॅम्पेन बाकी आहे का. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइट आणि अ‍ॅप हे सतरा अक्षरी नंबरवरून दाखवतात. कॅम्पेनचं काम फुकट असतं, पण कधी कधी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सुरक्षिततेचा दोष वाटत असेल तर रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवरही नोंद करता येते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली, आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू आहेत. एकट्या तुमच्या तक्रारीवरून रिकॉल होणार नाही, पण तोच दोष अनेकांनी नोंदवला तर चौकशी होते, आणि ती करणाऱ्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थांमध्ये आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन संशोधन संस्थाही आहे.

ग्राहक आयोगाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण तुमच्या अपेक्षा तिथे दुखावल्या जाऊ शकतात. काही देशांत ठरावीक दुरुस्त्यांनंतर गाडी बदलून देण्याचा कायदा आहे, भारतात तसा वेगळा कायदा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोग दुरुस्ती, बदली, परतावा, भरपाई यातलं काहीही देऊ शकतो. पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात म्हटलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती असेल, तर त्यावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. बदली मागायची तर दोष मूळ उत्पादनातलाच आहे आणि वारंवार संधी देऊनही तो गेला नाही, हे तुम्हाला तज्ज्ञांच्या अहवालानिशी दाखवावं लागतं. आजच्या घडीला तुमच्याकडे तसा एकही दोष कागदावर नाही. पाण्याची गळती तीन दुरुस्त्यांनंतरही चालू राहिली, किंवा अ‍ॅक्सेसरी काढूनही बॅटरी बसतच राहिली, तर चित्र बदलतं.

वेळ आली तर वाट फार अवघड नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बऱ्याच कंपन्या तिथल्या तक्रारीला उत्तर देतात. मग लेखी नोटीस. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्याने तक्रार पुण्याच्या जिल्हा आयोगातच येते, आणि तुम्ही इथे राहता म्हणून कंपनीचं मुख्यालय कुठेही असलं तरी चालतं. २० ते ५० लाखांच्या टप्प्यासाठी फी १,००० रुपये, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. डीलर आणि उत्पादक, दोघांनाही पक्षकार करा. गाडी फर्मच्या नावावर घेतली असेल तर तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’ आहात का यावरच आधी वाद होतो, म्हणून तेवढ्यापुरता तरी सल्ला घ्या. रागाच्या भरात दोन गोष्टी करू नका: हप्ते थांबवू नका, कारण बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, आणि गाडी शोरूमच्या दारात सोडून येऊ नका, पार्किंगचा खर्च आणि बाजू कमजोर होणं दोन्ही तुमच्याच माथी येतं.

विकण्याचं म्हणाल, तर आत्ता नको. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त उतरते, भरलेला रोड टॅक्स पदरात परत पडत नाही, आणि सहापैकी चार तक्रारी तर दोन-तीन हजार रुपयांच्या आतल्या खटपटीने सुटतील असं मला वाटतं. तीन महिने द्या. या आठवड्यात पाण्याची तक्रार, दोन आठवडे बॅटरीचे आकडे, रविवारचा बायपास, मग ‘टक’. त्यानंतरही रोजचा प्रवास सात-आठ किलोमीटरच राहणार आणि महामार्गाला वेळ मिळणार नसेल, तर डिझेल सोडून दुसरी गाडी घेणं हा शहाणा निर्णय ठरेल. तेव्हा विकताना दुरुस्त झालेल्या पाण्याच्या गळतीचं जॉबकार्ड घेणाऱ्याला दाखवा. लपवलेली गळती पुढच्या पावसात त्याच्या पायाशी येतेच. आणि ठेवायची ठरली तर एक तारीख लिहून ठेवा: आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, आणि वर्कशॉपच्या फेऱ्या चालू आहेत म्हणून ती आपोआप वाढते असं धरून चालू नका.